केजी-डी६ : हद्द ओलांडून आलेला वायू कोणाचा?

केजी-डी६ हा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला रिलायन्सचा ब्लॉक, म्हणजे तेल-वायू काढण्यासाठी नेमून दिलेले क्षेत्र. पण भूगर्भातला साठा ब्लॉकची हद्द पाहून थांबत नाही. १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील न्यायालयाने ज्याच्या विहिरीतून निघाला त्याचा वायू, हे तत्त्व मान्य केले. त्यामुळे जो तो शेजाऱ्याच्या आधी उपसायला धावला. १९३१ मध्ये ईस्ट टेक्सासमध्ये विहिरी बंद पाडण्यासाठी सैनिक पाठवावे लागले. पुढे उत्तर समुद्रातले फ्रिग क्षेत्र मात्र एकच साठा मानून नॉर्वे ६०.८२ आणि ब्रिटन ३९.१८ टक्के असे वाटले गेले.

हे टक्के नुसत्या क्षेत्रफळावरून काढता येत नाहीत. समजा, एका बाजूला १० मीटर वाळूचा थर, सच्छिद्रता (थरातल्या छिद्रांचे प्रमाण) २५ टक्के, छिद्रांत पाणी २० टक्के. म्हणजे वायूची प्रभावी जाडी (१० × ०.२५ × ०.८०) २ मीटर. पलीकडे थर ६ मीटर, सच्छिद्रता २० टक्के, पाणी ४० टक्के. जाडी जेमतेम ०.७२ मीटर. क्षेत्रफळ आणि दाब सारखे असले, तरी वाटा साधारण ७४ आणि २६ टक्के होतो. नव्या विहिरींनी थराचा नकाशा बदलला की हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हे आधी ठरलेच नाही. साठा हद्दीपलीकडे पसरला असेल तर संयुक्त विकासाची तरतूद सरकारशी झालेल्या करारात होती, ती वापरली गेली नाही. एप्रिल २००९ मध्ये रिलायन्सच्या ब्लॉकमधून वायूचे उत्पादन सुरू झाले; शेजारच्या ब्लॉकच्या सरकारी कंपनीने (ओएनजीसी) २०१३ मध्ये हरकत घेतली. सल्लागारांच्या २०१५ च्या अहवालानुसार मार्च २०१५ पर्यंत सुमारे ११.१ अब्ज घनमीटर वायू हद्द ओलांडून आला होता आणि त्यातला जवळपास ९ अब्ज बाहेरही काढला गेला होता. सरकारने २०१६ मध्ये रिलायन्सकडे १.५५ अब्ज डॉलर मागितले.

कळीचा निर्णय २०१८ चा. लवादाने दोन विरुद्ध एक मतांनी मागणी फेटाळली : विहीर स्वतःच्या हद्दीत असेल, तर वाहून आलेला वायू काढायला करार मनाई करत नाही. शब्दशः वाचले तर हे टिकते. पण साठे जोडलेले असल्याची माहिती असेल, तर ती सरकारपुढे ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. कारण उत्पादन सुरू झाले की दाब घसरतो, पाणी वर चढते आणि मूळ वाटा उलट गणिताने शोधावा लागतो. शेजारच्या न वापरलेल्या विहिरीतला दाब पहिल्या दिवसापासून नोंदलेला नसेल, तर त्या गणिताला भक्कम आधारच उरत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २०२३ मध्ये लवादाचा निवाडा कायम ठेवला, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने सार्वजनिक धोरणाच्या मुद्द्यावर तो रद्द केला. पुढच्याच महिन्यात मागणी २.८१ अब्ज डॉलरवर गेली.