उष्णता आणि किरण: सार्कोमावरच्या जोड-उपचाराची पार्श्वभूमी

स्नायू, चरबी, मज्जातंतूंची आवरणे अशा मऊ ऊतींत होणाऱ्या कर्करोगाला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणतात. 1866 मध्ये बॉनचे शल्यचिकित्सक विल्हेल्म बुश यांनी एका स्त्रीच्या चेहऱ्यावरच्या सार्कोमाची नोंद केली. तिला धावरे झाले, सडकून ताप भरला आणि गाठ विरून गेली. 1891 पासून न्यूयॉर्कचे विल्यम कोली सार्कोमाच्या रुग्णांना मुद्दाम जंतू आणि पुढे जंतूंची विषे टोचू लागले. त्यात ताप किती चढेल यावर कोणाचाच ताबा नव्हता, आणि गुण उष्णतेचा की प्रतिकारशक्तीचा हेही वेगळे करता येत नव्हते.

उष्णता किरणांच्या (रेडिएशनच्या) जोडीला का द्यायची, याचे उत्तर 1970च्या दशकात प्रयोगशाळेत मिळाले. डीएनएची प्रत काढत असलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, पण उष्णतेने मरतात. गाठीच्या आतल्या, रक्त कमी पोचणाऱ्या, आम्लधर्मी पेशींचेही तसेच. शिवाय 41 ते 43 अंश सेल्सिअसला किरणांनी तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती मंदावते.

अमेरिकेत 1980च्या दशकात झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र नुसते रेडिएशन आणि रेडिएशनसोबत उष्णता यांत एकूण फरक दिसला नाही. 3 सेंटीमीटरपेक्षा लहान गाठींत तेवढा फायदा दिसला. उपचार खोटा नव्हता, मोठ्या गाठी नीट तापल्याच नव्हत्या. या विषयाचा पुढचा सगळा इतिहास या एका चुकीच्या दुरुस्तीचा आहे.

दुरुस्तीचे मुख्य साधन संशोधक सापरेटो आणि ड्यूई यांनी 1984 मध्ये दिले: मिळालेली उष्णता 43 अंशांवरच्या मिनिटांत मोजायची. 43च्या वर प्रत्येक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो, खाली प्रत्येक अंशाला चौपट. म्हणजे 43 अंशांवरच्या 60 मिनिटांचे काम 44वर 30 मिनिटांत होते, 42वर त्याला 240 मिनिटे लागतात. 41 अंशांवरचा पूर्ण तास जेमतेम पावणेचार मिनिटांएवढा भरतो. म्हणून सरासरी पाहून भागत नाही. मोजलेल्यांपैकी 90 टक्के जागांनी गाठलेले तापमान धरायचे.

अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठांनी हे कुत्र्यांना आपसूक झालेल्या सार्कोमांवर तपासले. सगळ्यांना रेडिएशन दिले. काहींना 43 अंशांच्या हिशोबाने 2 ते 5 मिनिटांचा उष्णतेचा डोस, काहींना 20 ते 50 मिनिटांचा. 2005च्या निष्कर्षांत जास्त डोसच्या गटात गाठ जास्त काळ आटोक्यात राहिली.

प्रत्यक्षात गाठीत बारीक नळी घालतात आणि तापमापक तिच्यातून थोडा थोडा सरकवत वाचने घेतात. उष्णता देणारा अँटेना आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याची पिशवी असते. तिच्यात हवेचा बुडबुडा अडकला की त्वचा असमान तापते आणि फोड येतो. मोठी रक्तवाहिनी शेजारची उष्णता वाहून नेते. दोन प्लेटांमधून रेडिओलहरी सोडणाऱ्या यंत्रात त्वचेखालची जाड चरबी आधी भाजते. एक सत्र साधारण तासाचे, आठवड्याला एक किंवा दोन. सत्रांत निदान 48 ते 72 तासांचे अंतर ठेवतात, कारण एकदा तापलेल्या पेशी काही काळ उष्णतेला निगरगट्ट होतात. घरच्या गरम पाण्याच्या पिशवीचा याच्याशी काही संबंध नाही. किरण घेतलेल्या त्वचेला असा शेक कधीच देऊ नये.

सार्कोमातला सर्वांत भक्कम मानवी पुरावा 341 रुग्णांच्या युरोपीय चाचणीचा आहे. पाच वर्षांनी केमोथेरपीसोबत (केमो) उष्णता घेतलेले 62.7 टक्के रुग्ण हयात होते, नुसत्या केमोच्या गटातले 51.3 टक्के. पण तुलना केमोची होती. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही गटांत होते. फक्त किरण-उष्णतेच्या जोडीसाठी हे आकडे दाखवणे योग्य नाही. ड्यूकमध्ये 97 रुग्णांना शस्त्रक्रियेआधी सुमारे 50 ग्रे (किरणांच्या डोसचे एकक) रेडिएशन आणि उष्णता दिली, हातापायांतल्या गाठी चांगल्या आटोक्यात राहिल्या. पण तुलनेचा गट नव्हता, आणि एवढ्या किरणांनी व शस्त्रक्रियेनेही बहुतेक गाठी आटोक्यात येतात. त्यामुळे शस्त्रक्रिया शक्य असेल तिथे तीच आणि तिच्या जोडीला रेडिएशन हाच आजही पाया आहे. उष्णतेचा विचार मुख्यतः काढता न येणाऱ्या किंवा परत आलेल्या गाठींसाठी होतो.

मुंबईत नानावटी रुग्णालयात हे तंत्र डोके-मानेच्या कर्करोगावर वापरले गेले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण नुसत्या रेडिएशनने 42.4 टक्के, तर उष्णतेसह 78.6 टक्के होते.