मराठवाड्याचे आमदार खरोखरच कमी आहेत काय?

राज्याचा सुमारे पाचवा हिस्सा भूभाग आणि ३६ पैकी ८ जिल्हे असूनही २८८ पैकी केवळ ४६ आमदार, म्हणजे मराठवाड्याला अपुरे प्रतिनिधित्व, हा आपल्याकडे रूढ असलेला समज चुकीचा आहे. प्रतिनिधित्व कमी की जास्त, हे लोकसंख्येतील वाट्याशी ताडून ठरते. सिंचनाचा अनुशेष खरा आहे आणि तो ठामपणे मांडलाच पाहिजे, पण त्यासाठी हा दाखला उपयोगाचा नाही. सध्याचे मतदारसंघ २००१ च्या जनगणनेवर बेतलेले असून तेव्हा राज्यातील सुमारे ९.६९ कोटींपैकी १.५६ कोटी, म्हणजे १६ टक्के लोक मराठवाड्यात होते, आणि ४६ जागांचे प्रमाणही जवळपास तेवढेच येते. हिंगोलीला ३ आणि नांदेडला ९ जागा आहेत, त्याही लोकसंख्येमुळेच.