प्लेटवरच्या चार रेघा

पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल म्हणजे घाम काढणारं काम. टेबलाटेबलावर पेटलेले बर्नर आणि पंखे सक्तीने बंद. पंखा लावला की धूळ उडते, धुळीबरोबर जिवाणू आणि बुरशीचे बीजाणूही उडतात, आणि उतरतात ते नेमके उघड्या प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या झाकणाच्या बशीवर.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एकाला गर्दीतून वेगळं काढण्यासाठी. मुठेच्या पाण्याच्या थेंबात किंवा चिमूटभर मातीत नाना जातींचे जिवाणू एकत्र नांदत असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेकांचे आकार दोनचारच, गोल नाहीतर दांडीसारखे. त्यांतला कोण काय करतो हे नुसतं बघून कळत नाही. द्रव माध्यमात, म्हणजे जिवाणूंच्या पातळ खाद्यात, सगळे एकमेकांत मिसळतात. घट्ट पृष्ठभागावर मात्र जो जिथे पडला तिथेच वाढतो आणि रात्रभरात त्याच्या लाखो वंशजांचा डोळ्यांना दिसणारा ठिपका तयार होतो. हीच कॉलनी.

घट्ट पृष्ठभागासाठी जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याचे काप वापरले, मग जिलेटिन. पण जिलेटिन २५-२८ अंशांच्या पुढे वितळू लागतं. जर्मनीतल्या उन्हाळ्यातही त्याची पंचाईत व्हायची, पुण्यात तर होळीच्या आधीच त्याचं पाणी झालं असतं. शिवाय माणसाचे कितीतरी रोगजंतू ३७ अंशांना छान वाढतात, आणि काही जिवाणू जिलेटिनच पचवून टाकतात. तोडगा निघाला तो स्वयंपाकघरातून. कॉख यांचे सहकारी वाल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस जेलीसाठी आगर वापरत. जावात राहून आलेल्या परिचितांकडून त्यांना ते कळलं होतं. १८८१ मध्ये त्यांनी ते सुचवलं. समुद्री शेवाळापासून काढलेलं हे आगर आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं. ते उकळत्या पाण्यात विरघळतं, ४० अंशांच्या खाली आलं की घट्ट होतं, आणि मग ८५ अंशांच्या आसपास नेल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. कॉख यांनी १८८२ च्या लेखात आगरचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा नाही. १८८७ मध्ये झाकणाची बशी वापरात आणणाऱ्या पेट्री यांचं नाव मात्र बारावीच्या पोरालाही पाठ असतं!

आता रेघा. लूप म्हणजे टोकाला कडी असलेली तार, तिनेच नमुना उचलायचा. ती आधी ज्योतीत लालबुंद करायची, मग क्षणभर थांबून आगरच्या कडेला टेकवायची. ‘चर्र’ आवाज आला तर अजून गरम आहे, आणि अशा लूपने उचललेले जिवाणू जागीच मरतात. झाकण पूर्ण काढायचं नाही, नुसतं तिरकं उचलायचं. नमुना एका कोपऱ्यात रेघांनी पसरायचा, लूप पुन्हा तापवायची, प्लेट फिरवायची आणि पहिल्या रेघांतून थोडंसं दुसऱ्या भागात ओढायचं. तसंच तिसऱ्या आणि चौथ्या भागात. घाईत मुलं नेमकं मधलं तापवणं टाळतात आणि दुसऱ्या दिवशी प्लेटभर नुसता साय धरल्यासारखा थर दिसतो. लूप दर वेळी तापवली तरच तिच्यावरची गर्दी मरते आणि पुढच्या भागात मोजकेच जिवाणू जातात. प्लेट इनक्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक उबेच्या कपाटात, उलटी ठेवायची, नाहीतर झाकणावर जमलेलं पाणी आगरवर ठिबकतं आणि कॉलन्या एकमेकींत मिसळतात.

या सगळ्याआधी माध्यम निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या यंत्रातून, काढावं लागतं: १२१ अंश, १५ मिनिटं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पण नुसत्या उकळीने बॅसिलस जिवाणूंचे चिवट बीजाणू मुंबईतही मरत नाहीत, त्यासाठी दाबाखालची वाफच हवी. उंचीमुळे दाबाचा काटा १५ पौंडांवर आला तरी इथे तापमान १२१ ला अंशभर कमीच पडतं, म्हणून भरवसा तापमानावर ठेवावा.

सुटी कॉलनी मिळाली तरी काम संपत नाही. चिकट कॉलनीत दुसराच कुणी दडलेला असू शकतो, म्हणून ती उचलून पुन्हा रेघा ओढायच्या, मग ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणूंचे गट ओळखायचं रंगकाम, करून बघायचं. अशा खात्रीच्या शुद्ध जाती जपून ठेवणारं नॅशनल कलेक्शन ऑफ इंडस्ट्रियल मायक्रोऑर्गॅनिझम्स पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) आहे.

मातीतले बहुसंख्य जिवाणू मात्र आपल्या नेहमीच्या न्यूट्रिएंट आगरवर उगवतच नाहीत. काहींना इतकं सकस खाणं मानवत नाही. माध्यमातलं खाणं कमी केलं आणि प्लेट एका दिवसाऐवजी काही आठवडे ठेवली, तर त्यांतले थोडे हळूहळू दिसू लागतात.