विलापिकेचे छंदोविश्लेषण

गेलेल्या माणसाच्या शोकात रचलेली कविता म्हणजे विलापिका. तिचे वृत्त, यमक आणि पुनरुक्ती त्या शोकाला कसा आवाज देतात, हे छंदोविश्लेषणात पाहतात. या अभ्यासाची मराठी परिभाषा पक्की करणारे माधव ज्यूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन, १८९४–१९३९) कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवत. त्यांच्या ‘छंदोरचने’त पद्याचे तीन वर्ग आहेत: लघुगुरूंचा (आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांचा) क्रम ठरलेले वृत्त, मात्रांवर (लघूची एक, गुरूच्या दोन) चालणारी जाती आणि अक्षरसंख्येवर उभा छंद. कविता हाती घेतल्यावर आधी तिचा वर्ग ओळखावा. लघुगुरू मात्र कानाने ठरवावेत. ‘मृत्यू’तला ‘मृ’ पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो. ‘तुझ्या’तल्या ‘तु’वर आघात नाही, म्हणून तो लघूच.

कालिदासाचे रतिविलाप (मदनासाठी रतीचा शोक) आणि अजविलाप (इंदुमतीसाठी अज राजाचा शोक) वियोगिनी वृत्तात आहेत. ‘ल’ म्हणजे लघू आणि ‘गा’ म्हणजे गुरू धरले, तर तिचा विषम चरण (पहिली, तिसरी ओळ) १० अक्षरांचा (ललगा ललगा लगाल गा), सम चरण (दुसरी, चौथी ओळ) ११ अक्षरांचा (ललगा गालल गालगा लगा). नमुन्यासाठी रचलेल्या या दोन ओळी:

सरली दिवसांत आसवे
अजुनी वाटच पाहते घर

पहिल्या ओळीत दोन गुरू कुठेच शेजारी येत नाहीत, ती वाहत जाते. दुसरीत ‘अजुनी’च्या ‘नी’ला लागूनच ‘वा’ येतो आणि आवाज तिथे अडतो. वाट पाहणे तिथूनच सुरू होते. पहिल्या ओळीत तीनदा आलेला ‘स’ दुसरीत एकदाही नाही. शेवटचा ‘र’ लघू असला तरी चरणाच्या अंती गुरू धरतात.

यमकाची ताकद पाहायची तर ज्ञानेश्वरांच्या समाधीवरचे नामदेवांचे अभंग वाचावेत:

नामा म्हणे आता लोपला दिनकर ।
बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ ॥

या दोन ओळींत अभंगाचे चार चरण आहेत. दुसऱ्या (‘लोपला दिनकर’) आणि तिसऱ्या (‘बाप ज्ञानेश्वर’) चरणांतले यमक ‘दिनकर’ आणि ‘ज्ञानेश्वर’ यांना एकत्र बांधते. मावळला तो सूर्य कोण, हे यमकच सांगते. उरलेला ‘समाधिस्थ’ चारच अक्षरांचा, बिनयमकाचा. त्याला उत्तर देणारा शब्द पुढे येत नाही.

पुनरुक्तीचे मूळ हेल काढून रडण्यात आहे. बायका गेलेल्याला नात्याने पुन्हापुन्हा हाक मारतात. हाक तीच, तिच्यामागची आठवण दर वेळी निराळी. पालुपद तपासताना हेच पाहावे. कडव्यागणिक ते कोणत्या ओळीनंतर येते, आणि पहिल्यांदा प्रश्न वाटलेले शब्द अखेरीस नुसती हाक होऊन राहतात का.