टीव्हीवरचं तिसऱ्याचं ॲप: आधी आमंत्रण, मग अटकाव

2007 साली पहिला आयफोन आला तेव्हा त्यात यूट्यूबचं ॲप होतं, पण ते गूगलने बनवलेलं नव्हतं. ते ॲपलने लिहिलं होतं. यूट्यूबचे व्हिडिओ तेव्हा फ्लॅश या सॉफ्टवेअरवर चालत आणि आयफोनवर फ्लॅश नव्हतं. म्हणून यूट्यूबने आपले व्हिडिओ एच.264 या स्वरूपात बदलायला घेतले आणि ते दाखवायचं काम ॲपलच्या ॲपने केलं. सेवा एकाची, पाहणारा दुसरा, मधलं ॲप तिसऱ्याचं. 'थर्ड पार्टी' म्हणतात ते हेच. आज हा शब्द कानावर पडला की चोरीचे सिनेमे आणि व्हायरसच आठवतात, म्हणून ही सुरुवात आधी सांगायला हवी.

तेव्हा या सेवांना जमेल त्या पडद्यावर पोचायचं होतं. नेटफ्लिक्सने ऑक्टोबर 2008 मध्ये आपला एपीआय, म्हणजे बाहेरच्या ॲपला माहिती मागता येईल अशी अधिकृत खिडकी, सगळ्यांसाठी उघडली. सिनेमे शोधायला आणि पाहायची यादी लावायला लोकांनी त्यावर स्वतःची ॲप बनवली. पुढे नेटफ्लिक्सचं स्वतःचं ॲप जवळपास सगळीकडे पोचलं आणि नोव्हेंबर 2014 मध्ये ही खिडकी बंद झाली. ॲपलचं यूट्यूब ॲपही 2012 मध्ये आयओएस 6 बरोबर गेलं आणि त्या जागी गूगलचं आलं.

हा बदल सगळ्यात उघडपणे दिसला तो 2013 मध्ये. विंडोज फोनसाठी गूगलने यूट्यूबचं नीट ॲप दिलं नव्हतं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ते स्वतः बनवलं. त्यात जाहिराती दिसत नव्हत्या आणि व्हिडिओ उतरवून घेता येत होता. गूगलने मे महिन्यात ते काढून टाकायला सांगितलं. मायक्रोसॉफ्टने ऑगस्टमध्ये जाहिरातींसह नवं ॲप आणलं, तर तेही काही दिवसांतच अडवलं गेलं. जाहिरातींबद्दलचा आक्षेप मला पटतो, कारण त्या पैशाचा वाटा व्हिडिओ करणाऱ्याला जातो. पण जाहिराती दाखवणारं ॲपसुद्धा चाललं नाही, तेव्हा प्रश्न फक्त जाहिरातींचा उरला नव्हता.

टीव्हीची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. फोन लोक चार-पाच वर्षांत बदलतात, टीव्ही दहा वर्षंही टिकतो. त्याच्या आतलं सॉफ्टवेअर मात्र तेवढं टिकत नाही. यूट्यूबने एप्रिल 2015 मध्ये जुना एपीआय मोडीत काढला आणि अनेक टीव्हींवरचं, पडदा ठणठणीत असताना, यूट्यूब गेलं. डिसेंबर 2019 मध्ये काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर आणि टीव्हीला जोडायच्या रोकूच्या जुन्या यंत्रांवर नेटफ्लिक्स थांबलं. मधल्या काळात गूगल आणि ॲमेझॉनचं भांडण झालं, तेव्हा 2018 च्या सुरुवातीपासून जुलै 2019 पर्यंत फायर टीव्ही या ॲमेझॉनच्या यंत्रांवर यूट्यूबचं अधिकृत ॲप नव्हतं. लोकांना ब्राउझरमधून पाहावं लागलं. बाहेरून, म्हणजे अधिकृत स्टोअर सोडून, ॲप टाकायची सवय अशा वेळीही लागते, आणि प्रत्येक वेळी त्यामागे फुकटेपणा असतो असं नाही.

तिसऱ्याच्या ॲपचा दुसरा प्रवाह पूर्ण वेगळ्या जागी उगम पावला. 2002 मध्ये काही हौशी प्रोग्रामरनी मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स हे खेळाचं यंत्र उघडून त्यावर व्हिडिओ चालवणारा प्लेअर लिहिला. त्याचंच पुढे एक्सबीएमसी आणि 2014 मध्ये कोडी झालं. कोडी स्वतः एकही सिनेमा देत नाही. तुमच्याकडे आहे ते नीट दाखवणं एवढंच त्याचं काम. पण त्याला ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, जोडता येतात आणि विक्रेत्यांनी चोरीच्या दुव्यांचे ॲड-ऑन आधीच भरून टीव्हीला लावायचे डबे विकले. 26 एप्रिल 2017 रोजी युरोपियन न्यायालयाने निकाल दिला की असे डबे विकणं हाच कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. कोडीची टीम या विक्रेत्यांविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आली आहे. तरी नाव बदनाम झालं ते कोडीचं, याचं मला वाईट वाटतं.

अधिकृत खिडकी अरुंद झाल्यावर नवी ॲप कशी चालली, हेही पाहण्यासारखं आहे. 2015 मध्ये सुरू झालेलं न्यूपाइप हे यूट्यूब पाहायचं ॲप गूगलचा एपीआय वापरतच नाही. ते यूट्यूबची वेबसाइट वाचून व्हिडिओचा प्रवाह शोधतं, त्यामुळे साइटमध्ये काही हललं की ते बंद पडतं आणि दुरुस्तीची वाट पाहावी लागते. व्हान्स्डने गूगलचंच यूट्यूब ॲप बदलून वाटलं. कायदेशीर दबावानंतर मार्च 2022 मध्ये ते थांबलं. त्याचा वारसा घेतलेलं रीव्हान्स्ड फक्त बदलांचे पॅच देतं, मूळ ॲप ज्याचं त्याने आणायचं. नेटफ्लिक्सबाबत अशी ॲप फारशी दिसत नाहीत, कारण तिथला व्हिडिओ वाइडव्हाइनसारख्या, नक्कल रोखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कुलपात येतो. वाइडव्हाइन 2010 मध्ये गूगलने विकत घेतलं. उंच दर्जाचं चित्र हवं असेल तर बऱ्याच सेवांना या कुलपाची किल्ली यंत्राच्या हार्डवेअरमध्येच असावी लागते.

धोका मात्र खरा आहे. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने बॅडबॉक्स 2.0 या मालवेअरच्या, म्हणजे घातक सॉफ्टवेअरच्या, जाळ्याबद्दल इशारा दिला. स्वस्त अँड्रॉइड डब्यांमध्ये काही वेळा विकत घेण्याआधीच मालवेअर भरलेलं असतं, तर काही वेळा डबा सुरू करताना मागितल्या जाणाऱ्या ॲपमधून ते येतं. मग घरचं इंटरनेट दुसऱ्याच कुणाच्या कामाला लागतं. चांगल्या हेतूची ॲपही सुटत नाहीत. अँड्रॉइड टीव्हीवर लोकप्रिय असलेल्या स्मार्टट्यूब या यूट्यूब पाहायच्या ॲपची सही करायची किल्ली, म्हणजे ॲप खऱ्या बनवणाऱ्याचंच आहे हे दाखवणारा गुप्त कोड, 2025 च्या अखेरीस फुटली आणि नव्या किल्लीने ॲप पुन्हा काढावं लागलं. बनवणारा प्रामाणिक असूनही हे घडलं.

अँड्रॉइडवर बाहेरून ॲप टाकायची मुभा पूर्वी एका बटणावर होती. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून ती ब्राउझरसारख्या, ज्यातून नवं ॲप टाकायचं त्या प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने पुढचं पाऊल जाहीर केलं: सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये ॲप बनवणाऱ्याची ओळख पटवलेली असावी लागेल. प्ले स्टोअरच्या बाहेरच्या ॲपनाही हे लागू आहे. त्याच वर्षी ॲमेझॉनने वेगा ही स्वतःची प्रणाली असलेली फायर टीव्ही स्टिक बाजारात आणली. ती अँड्रॉइड नाही, त्यामुळे एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, तिच्यावर मुळात चालतच नाही.