इंग्लंडमध्ये दिव्यांग मुलाला सोशल वर्कर कधी मिळतो : नियमांची पार्श्वभूमी

आपल्याकडे दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना सगळीकडे पहिला प्रश्न येतो, ‘टक्के किती?’ 1995च्या कायद्यापासून 40 टक्क्यांचा दाखला हीच सवलतींची किल्ली आहे. इंग्लंडमध्ये असा टक्का नाही. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबं आधी दाखल्याचं ऑफिस शोधतात आणि मग कळतं, की मुलाला सोशल वर्कर आणि मदत द्यायची का, हा निर्णय कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या, हातात आहे आणि प्रत्येक कौन्सिलचे निकष वेगळे आहेत. असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

1948च्या नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्टमध्ये अपंगत्वाची व्याख्या आली : आंधळे, बहिरे, मुके, किंवा आजार, इजा वा जन्मजात व्यंगामुळे ‘लक्षणीय आणि कायमचं’ अपंगत्व आलेले लोक. मुलांचा विचार तेव्हा फारसा नव्हताच. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेली मुलं 1971पर्यंत ‘शाळेत शिकवण्यास अपात्र’ ठरून शिक्षण खात्याबाहेर राहत होती. 1970मध्ये खासदार आल्फ मॉरिस यांनी मांडलेलं खासगी विधेयक मंजूर झालं आणि दिव्यांगांना घरी मदत देणं ही कौन्सिलची जबाबदारी झाली.

खरा टप्पा 1989चा चिल्ड्रन अ‍ॅक्ट. त्याच्या कलम 17ने प्रत्येक दिव्यांग मूल ‘गरजू’ ठरवलं. मूल दिव्यांग आहे एवढं पुरे, वेगळी गरज सिद्ध करायला नको. इतकी उदार तरतूद करताना व्याख्या मात्र 1948चीच, जवळजवळ शब्दशः उचलली. ‘मुके’, ‘मानसिक विकार’ हे शब्द कायद्यात तसेच राहिले. मला ही गोष्ट आजही खटकते.

पुढे कौन्सिलांनी दिव्यांग मुलांसाठी वेगळ्या टीम नेमल्या. हेतू चांगला होता : मुलाची फिट, नळीवाटे आहार, रात्रीची जागरणं समजणारे अनुभवी सोशल वर्कर मिळावेत. पण माणसं थोडी, पैसा तुटपुंजा. मग टीमच्या दारावर कायद्यात नसलेल्या अटी आल्या : अपंगत्व ‘तीव्र’ हवं, बौद्धिक अक्षमता हवी. सगळ्यात जास्त मार बसला तो स्वमग्न, पण बुद्ध्यांक चांगला असलेल्या मुलांना. मूल रात्रभर झोपत नाही, दारं तोडतं, स्वतःला इजा करून घेतं; तरी ‘आमच्या निकषात बसत नाही’ एवढ्या एका ओळीत विषय संपतो.

कोर्टाची भूमिकाही सरळ रेषेत गेली नाही. 1997मध्ये ग्लॉस्टरशायरच्या खटल्यात तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचं काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, की गरज ठरवताना कौन्सिल स्वतःची ऐपत पाहू शकते. 2003मध्ये बार्नेटच्या खटल्यात कलम 17 हे सर्वसाधारण कर्तव्य ठरलं; एकट्या मुलाला त्यावरून हक्क सांगता येत नाही. 2009ला इझलिंग्टनच्या एका स्वमग्न मुलाचं प्रकरण आलं. कौन्सिलने निकषांचा तक्ता करून मदतीला आठवड्याला 12 तासांची मर्यादा घातली होती. न्यायमूर्ती जिल ब्लॅक यांनी ते बेकायदा ठरवलं : आधी मुलाच्या गरजांचं नीट मूल्यमापन, निकष नंतर. आईवडिलांच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे.

2014च्या केअर अ‍ॅक्टने प्रौढांसाठी देशभर एकच निकष आणले. मुलं मागेच राहिली. त्यातच मूल्यमापनाचा साचा मुलांच्या छळाचा तपास करण्यासाठी बनवलेला. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021मध्ये दाखवलं, की दुर्लक्षाचा कसलाही संशय नसताना मुलाची झोपायची खोली पाहून नोंद करायला सांगणाऱ्या कार्यपद्धती सर्रास आहेत. मदत मागायला गेलेल्या आईला आरोपी झाल्यासारखं वाटणारच.

2022मध्ये मुलांच्या सामाजिक सेवांचा स्वतंत्र आढावा घेणाऱ्या जॉश मॅकअ‍ॅलिस्टर यांच्या अहवालाने हे विखुरलेले कायदे तपासायचं काम लॉ कमिशनकडे, म्हणजे कायदासुधारणा सुचवणाऱ्या आयोगाकडे, द्यावं असं सुचवलं. कमिशनने 2024मध्ये मतं मागवली आणि 2025च्या अंतिम अहवालात जुनी व्याख्या काढून 2010च्या समानता कायद्याची घ्यावी आणि देशभर एकच निकष असावेत, अशी शिफारस केली.

कायदा बदलेपर्यंत 1989चीच चौकट लागू आहे. म्हणून खास टीमने नकार दिला, तरी कलम 17खालचं मूल्यमापन मागता येतं, आणि नकाराची कारणं लेखी मागावीत. व्हिसावर गेलेल्या कुटुंबांनी आणखी एक लक्षात ठेवावं : ‘सरकारी निधीचा लाभ नाही’ असा शिक्का असला तरी कलम 17ची मदत त्या निधीत मोडत नाही.