मंडलरेखन, कोकणातील

मंडल म्हणजे मुळात वर्तुळ. पण पूजेच्या भाषेत चौरसालाही मंडलच म्हणतात. मोजून घरे आखायची, त्यांत ठरलेले रंग भरायचे, देवतांना आवाहन करायचे आणि कार्य झाले की ते मोडायचे, अशी ही साधना आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ती चौरंगावर भटजींच्या हातची दिसते आणि दारात घरच्या बायकांच्या हातची. एकीला शास्त्र आणि दुसरीला शोभा म्हणण्याची रीत पडली आहे, ती योग्य नाही. मन दोन्हीकडे मोजण्यातच गुंततं.

चौरंगावरचे सर्वांत परिचित मंडल सर्वतोभद्र. अनंताचे व्रत, उद्यापन, नवचंडी अशा प्रसंगी ते मांडतात. शिवाच्या अनुष्ठानाला लिंगतोभद्र. सर्वतोभद्रासाठी उभ्या १९ आणि आडव्या १९ रेघा आखल्या की १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ घरे होतात. प्रत्येक कोपऱ्यात तीन घरांचा पांढरा खंडेंदू, म्हणजे चंद्राची कोर. तिथून आत तिरपी उतरणारी पाच काळ्या घरांची शृंखला. शृंखलेच्या दोन्ही अंगांना अकरा-अकरा हिरव्या घरांची वल्ली, वल्लीला लागून नऊ लाल घरांचे भद्र आणि प्रत्येक बाजूच्या दोन भद्रांमध्ये चोवीस पांढऱ्या घरांची वापी, म्हणजे विहीर. या सगळ्याच्या आत वीस पिवळ्या घरांचा परिधी, आणि मधल्या सोळा घरांत अष्टदल कमळ. खंडेंदू, शृंखला, वापी चार-चार. वल्ली आणि भद्रे आठ-आठ. मग १२, २०, ९६, ८८, ७२, २० आणि १६ यांची बेरीज बरोबर ३२४ येते. बाहेरून पांढरी, लाल व काळी अशा तीन रेघा ओढतात. त्या सत्त्व, रज आणि तम.

रंग बहुतेक स्वयंपाकघरातलेच. पांढऱ्याला तांदूळ, लालला मसूर, हिरव्याला मूग, पिवळ्याला चणाडाळ, काळ्याला तीळ किंवा उडीद. मसूर घरंगळतो, तीळ रेघ ओलांडून शेजारच्या घरात जातात. ते एकेक उचलून परत आणावे लागतात. कमळापासून सुरुवात करून बाहेर येत गेले, तर भरलेल्या घरांवरून हात न्यावा लागत नाही. वल्लीचे एक घर जास्त भरले की भद्र आखूड पडते, आणि चूक शोधायला पुन्हा पहिल्या घरापासून मोजावे लागते. तेवढा वेळ दुसरा विचार डोक्यात येत नाही.

नवग्रह मंडलात घरे नऊच, पण प्रत्येक ग्रहाला स्वतःचा आकार असतो : सूर्याला वर्तुळ, मंगळाला त्रिकोण, शनीला धनुष्य, राहूला सूप, केतूला ध्वज.

दारातली कणारांगोळी शेणाने सारवलेल्या अंगणात घालतात. दक्षिण कोकणात अंगणाला खळे म्हणतात. घाटावर शिरगोळे कुटून रांगोळीची पूड करतात, तर कोकणात भाताची तुसे जाळून उरणारी पांढरी राख वापरत. आता पूड विकतच आणतात. ठिपक्यांसाठी जाड कागदाला पेटत्या उदबत्तीने समान अंतरावर भोके पाडून ठेवतात. कागद जमिनीवर धरून वरून पूड टाकून हात फिरवला की ठिपके उमटतात. चैत्रात, तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, चैत्रगौरीपुढे चैत्रांगण काढतात : शंख, चक्र, कासव, नाग, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती.

पावसाळ्यात अंगण पाण्याखाली जाते आणि रांगोळी पडवीत येते. गोपद्मांचे व्रतही त्याच दिवसांतले. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज ३३ गोपद्मे, म्हणजे गाईच्या खुराचे ठसे, अशी पाच वर्षे काढायची आणि मग उद्यापन करायचे. चातुर्मास १२० दिवसांचा धरला तर वर्षाला ३,९६० आणि पाच वर्षांत १९,८०० ठसे होतात. माळेवरच्या जपाइतकीच ही मोजदाद नेटाची आहे. फक्त तिला कुणी जप म्हणत नाही.

मंडल रंगवण्याचा हल्लीचा छंद पश्चिमेकडून आला. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याने १९१६ मध्ये आपले पहिले मंडल रंगवले. महायुद्धाच्या अखेरच्या काळात तो रोज सकाळी वहीत एक वर्तुळाकृती काढी. २००५ मध्ये अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, कोऱ्या कागदावर रंगवणाऱ्यांपेक्षा मंडल रंगवणाऱ्यांची चिंता अधिक कमी झाली. मात्र आडव्या-उभ्या चौकटींची नक्षी रंगवणाऱ्यांनाही तसाच गुण आला. सर्वतोभद्र भरलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये. छापील पुस्तकात आखणी मात्र आयती मिळते. पूजेच्या दुकानांतही आता सर्वतोभद्र छापलेले कापड मिळते, उंबऱ्यावर चिकटवायची रांगोळी मिळते. कापडावर मांडलेल्या पूजेत उणे काही नाही, पण १९ रेघांचे आणि ३२४ घरांचे काम त्यातून गेले, आणि साधनेचा मोठा वाटा तिथेच होता.

तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचे मंडल कित्येक दिवस खपून पुरे करतात, मग झाडून वाहत्या पाण्यात सोडतात. कोकणात उत्तरपूजेला मंडलावर अक्षता वाहून ‘पुनरागमनाय च’ म्हणतात आणि कलश हलवतात. मग धान्य एका ताटात गोळा होते, तीळ-तांदूळ-मसूर सगळे एकत्र. अंगणातली कणारांगोळी दुसऱ्या दिवशी सकाळच्या सड्यात जाते.